विज्ञानकथा रानोमाळ हिंडलेल्यांकडेही मागा

मराठी दिवाळी अंकांच्या आणि किशोर मासिकांच्या संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की तुमची पत्रं लेखकांच्या घरी जायला लागतात. अमुक तारखेपर्यंत, अमुक शब्दांत. त्यात विज्ञानकथेचीही मागणी असते आणि वाचक म्हणून मला त्याचा मनापासून आनंद आहे. मला बोलायचं आहे ते ही पत्रं कुणाकुणाला जातात याबद्दल. यंत्रमानव, अंतराळयानं, जनुकं, संगणक यांवर लिहिणारी मंडळी तुमच्या यादीत असतात आणि ती चांगलं लिहितात. पण ज्यांचं आयुष्य खडक फोडण्यात, गवतं गोळा करण्यात, बेडकांचे आवाज टिपण्यात किंवा खाडीतला गाळ चाळण्यात गेलं, त्यांच्या दारी कथा मागायला कुणी जात नाही. फार तर एखादा लेख मागतात, तोही माहितीपर.

माझी सगळी नोकरी भूजलाच्या सर्वेक्षणात गेली. कथा लिहिण्याचं अंग मला नाही, तेव्हा ही रदबदली माझ्यासाठी नाही. ती ज्या माणसाच्या आधाराने करतो आहे त्याचं नाव व्लादिमीर अफनास्येविच ओब्रुचेव. सायबेरिया आणि मध्य आशिया पायाखाली घातलेला हा रशियन भूवैज्ञानिक. त्यांची ‘प्लुटोनिया’ ही कादंबरी मी इंग्रजीतून वाचली तेव्हा नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. पुस्तक मिटल्यावर पहिला विचार आला तो असा की, हे घरात बसून लिहिलेलं नाही.

ओब्रुचेव यांचा जन्म १८६३ चा, र्झेव गावाजवळच्या क्लेपेनिनो इथला. वडील लष्करात, त्यामुळे बदल्यांमागे घर फिरत राहिलं. पीटर्सबर्गच्या खाणकाम संस्थेतून ते १८८६ मध्ये बाहेर पडले. तिथे त्यांना इव्हान मुश्केतोव हे शिक्षक लाभले आणि मध्य आशियाचं वेड लागलं ते याच गुरूमुळे. मुश्केतोवांनी त्यांना पदवी मिळताच काराकुम वाळवंटात धाडलं. कॅस्पियनपलीकडे रेल्वे टाकली जात होती आणि वाळू रुळांवर चढत होती.

वाळूची टेकडी जवळून पाहिलेल्यालाच ती चालते म्हणजे काय ते कळतं. वाऱ्याकडची बाजू लांब आणि निवांत चढाची असते. कण त्या चढावरून टुणटुणत वर येतात आणि माथ्यावरून पलीकडच्या तीव्र उतारावर घरंगळतात. मागची वाळू पुढे, मग त्याच्या पुढे, अशी अख्खी टेकडी सरकत जाते. त्या वाटेत रूळ आले की ते पुरले जातात. ओब्रुचेव यांनी तीन वर्षं हे पाहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की वाळूशी फावड्याने लढण्यात अर्थ नाही. तिच्यावरची झुडपं सरपणासाठी उपटणं थांबवा, वाळू धरून ठेवणारी झाडं लावा. तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आतबाहेर होतं. त्या कामाला रशियन भौगोलिक संस्थेने पदक दिलं.

१८८८ मध्ये ते पत्नी आणि तान्ह्या मुलासह इर्कुत्स्कला गेले, सायबेरियातले पहिले सरकारी भूवैज्ञानिक म्हणून. एवढ्या अफाट मुलुखाला एक माणूस. कोळसा, अभ्रक, लेना नदीच्या खोऱ्यातल्या सोन्याच्या खाणी, सगळं त्यांच्याच गळ्यात. पुढे बैकाल सरोवरापलीकडच्या रेल्वेमार्गाचं भूवैज्ञानिक सर्वेक्षणही त्यांनी केलं. पण ज्या प्रवासाने त्यांचं नाव झालं तो या दोहोंच्या मधला, सप्टेंबर १८९२ ते ऑक्टोबर १८९४ चा. रशियन प्रवासी-संशोधक ग्रिगोरी पोतानिन यांच्या मोहिमेत ते भूवैज्ञानिक होते, पण वाट त्यांची वेगळी होती. मंगोलिया, गोबी, ओर्दोस, नानशान पर्वत असं करत ते वायव्य चीनमधल्या कुल्जा शहराला पोचले. एकूण १३,६२५ किलोमीटर. त्यातल्या ९,४३० किलोमीटर वाटेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण. मुक्कामाचे, आजारपणाचे, वादळाचे सगळे दिवस धरूनही रोजचे अठरा किलोमीटर भरतात. रोज अठरा, आणि दर थांब्याला हातोडी, होकायंत्र, नमुन्याची चिठ्ठी आणि संध्याकाळी वही. मी हे काम जीपने केलं आहे, तरी संध्याकाळी वही उघडायला हात उचलत नसे.

त्या वाटेवरची एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. गोबीचं वाळवंट म्हणजे आटलेल्या समुद्राचा तळ, असं तोवर मोठमोठे विद्वान मानत होते. दिसायलाही ते तसंच. सपाट आणि अथांग, आडव्या थरांनी भरलेलं. ओब्रुचेव यांना त्या थरांत दाताचे तुकडे मिळाले. दात गेंड्याचा निघाला. गेंडा काही समुद्रात राहत नाही. म्हणजे ते थर साठले तेव्हा तिथे जमीन होती, तळी होती, चरायला गवत-झुडपं होती. मुठीत मावतील एवढ्या तुकड्यांनी एक समुद्र पुसून टाकला. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकन मोहीम गोबीत उतरली आणि तिला डायनोसॉरचे सांगाडे आणि अंडी सापडली.

आता मला सांगा, तुटक्या दातावरून आख्खा प्रदेश मनात उभा करणं, त्यात पाणी भरणं, गवत उगवणं, जनावर चालवणं, हे कथाकाराचं काम नाही का? भूवैज्ञानिक, वनस्पतिशास्त्रज्ञ, जीवाश्म शोधणारा, हे सगळे दिवसभर हेच करतात. हाती तुकडा असतो, बाकीचं जग मनात रचायचं असतं, आणि रचलेलं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकड्याने मोडलं तर मुकाट्याने पुन्हा रचायचं असतं.

चीनमधली पिवळी माती, जिला लोएस म्हणतात, तिच्याबाबतही असंच. ही माती वाऱ्याने आणली ही कल्पना जर्मन भूगोलवेत्ते रिश्टहोफेन यांनी आधी मांडली होती. ओब्रुचेव यांनी धूळ उठते कुठून, ते दाखवलं. मध्य आशियातली वाळवंटं कण दळतात, जाड कण तिथेच राहतात, बारीक धूळ वारा उचलून शेकडो कोस दूर नेतो आणि गवताळ मुलुखात ती खाली बसते. याच मातीच्या उभ्या भिंती कोरून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरं केली आहेत. घराची भिंत एकेकाळी हवेत होती!

१९०१ मध्ये ते तोम्स्कच्या तंत्रज्ञान संस्थेत गेले आणि तिथला खाणकाम विभाग त्यांनी उभा केला. १९०५, १९०६ आणि १९०९ च्या उन्हाळ्यात वायव्य चीनमधल्या झुंगारिया प्रदेशाच्या सीमेवर पुन्हा हिंडले. पण त्यांचे उदारमतवादी विचार सरकारला मानवले नाहीत आणि १९१२ मध्ये त्यांना तोम्स्क सोडावं लागलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, हातात संस्था नाही, विद्यार्थी नाहीत. अशा दिवसांत मॉस्कोत त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. १९१५ मध्ये ‘प्लुटोनिया’ लिहून झाली. महायुद्ध, क्रांती, यादवी हे सगळं मधे येऊन ती छापली गेली १९२४ मध्ये.

लिहिण्याचं कारण त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत दिलं आहे. ज्यूल व्हर्न यांची पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाची कादंबरी त्यांनी पुन्हा वाचली आणि भूवैज्ञानिक म्हणून त्यांना त्यातल्या गोष्टी पटेनात. माणसं ज्वालामुखीच्या नळीतून आत उतरतात आणि दुसऱ्या जागत्या ज्वालामुखीतून, तराफ्यावर बसून, उकळत्या पाण्यावरून आणि लाव्हावरून बाहेर येतात. चांगली विज्ञानकथा वाचताना, विशिष्ट परिस्थितीत असं घडू शकेल, असं वाचकाला वाटलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्याच्या पुस्तकातली चूक दाखवायला त्यांना एक लेख पुरला असता. त्यांनी त्याऐवजी अख्खी कादंबरी लिहिली, हे मला फार मोठं वाटतं.

‘प्लुटोनिया’त १९१४ साली एक मोहीम उत्तरेच्या बर्फात एक अज्ञात भूभाग शोधायला निघते. भूवैज्ञानिक, प्राणिशास्त्रज्ञ, हवामानतज्ज्ञ, आणि डॉक्टर असलेला वनस्पतिशास्त्रज्ञ. बर्फावरून चालता चालता जमीन उतरणीला लागते आणि उतरण संपतच नाही. पोकळीत उतरल्याचं त्यांना कुणी येऊन सांगत नाही. वायुभारमापकाचा आकडा वाढत जातो. उंची मोजायला पाणी उकळून बघावं तर ते शंभर अंशांच्या वर उकळतं. म्हणजे समुद्रसपाटीच्या खाली, किती तरी खाली. सूर्य दिसतो तर तो थेट डोक्यावर, आणि हलत नाही. प्रत्येक जण आपापल्या उपकरणाला दोष देतो, पुन्हा मोजतो, वहीत लिहितो, एकमेकांशी वाद घालतो. मोहिमेच्या आयोजकाने एक बंद पाकीट दिलेलं असतं, कशाचाच उलगडा होत नाही असं वाटेल तेव्हाच उघडायचं म्हणून. ते उघडल्यावर कळतं की पृथ्वी पोकळ आहे आणि आपण तिच्या आतल्या अंगावर चालतो आहोत. वाचकाचा विश्वास बसतो तो पाकिटाच्या आधीच्या त्या मोजमापांमुळे. उपकरण चुकीचं दाखवतं आहे की जग बदललं आहे, हा पेच ज्याने उघड्यावर, गारठलेल्या बोटांनी सोडवला आहे, त्यालाच ही पानं अशी लिहिता येतात.

पुढे काय होतं तेही ऐका, कारण माझ्या मते कादंबरीचा खरा शोध तिथे आहे. माणसं जसजशी आत जातात तसे प्राणी जुने होत जातात. आधी मॅमथ आणि केसाळ गेंडे, मग त्याहून जुन्या काळातली जनावरं, मग डायनोसॉर, उडते सरडे, समुद्रात लांब मानेचे सरपटणारे राक्षस, आणि माणसांच्या सामानावर धाड घालणाऱ्या अवाढव्य मुंग्या. भूवैज्ञानिकाला हे ओळखीचं वाटतं. आमच्या पुस्तकांत स्तरांचा एक उभा स्तंभ असतो. वर नवा काळ, खाली जुना. ओब्रुचेव यांनी तो स्तंभ उचलून आडवा टाकला आणि त्यावरून माणसं चालवली.

हे मला किती जवळचं वाटलं ते एका प्रसंगाने सांगतो. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात मी एका नव्या विहिरीत दोरखंडाला बांधलेल्या पाळण्यातून उतरलो होतो. वर माती, मग मुरूम, मग कुजका खडक, मग काळा पाषाण. त्या पाषाणाखाली हातभर जाडीचा तांबडा मऊ थर, आणि त्याखाली पुन्हा काळा पाषाण. तांबडा थर म्हणजे दोन लाव्हांच्या मधला काळ. लाव्हा निवला, त्यावर ऊन-पाऊस पडला, माती झाली, आणि मग दुसरा लाव्हा येऊन ती भाजून गेला. मी त्यावर बोट फिरवलं आणि बोट लाल झालं. त्या मातीवर कधी काय उगवलं असेल, ते वर येईपर्यंत मनातून जाईना. वर आल्यावर मी वहीत लिहिलं, ‘तांबडा थर, पाझर नाही’. वही तेवढंच मागत होती. ज्याला कथा येते असा कुणी त्या पाळण्यात बसला असता तर तुमच्या अंकाला कथा मिळाली असती.

ओब्रुचेव यांची भलामण मी आंधळेपणाने करत नाही. ‘प्लुटोनिया’तली पात्रं एकमेकांपासून ओळखू येतात ती त्यांच्या विषयांवरून, स्वभावावरून नव्हे. बाईमाणूस मोहिमेत नाही. दिसलं जनावर की बंदूक चालते आणि मग मोजमाप होतं. त्या काळाची ती रीत होती, तरी आज मुलांच्या हाती देताना सांगावं लागेल. पोकळ पृथ्वीची कल्पनाही तेव्हाच बाद झालेली होती. रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये भूकंपाच्या लाटांवरून पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवलं होतं. ओब्रुचेव यांनी ही जुनी कल्पना जाणूनबुजून उचलली, नामशेष प्राणी आणि वनस्पती चालत्याबोलत्या दाखवायला जागा हवी म्हणून.

आणि मग त्यांनी जे केलं ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कादंबरी इतकी खरी वाटली की वाचकांची पत्रं यायला लागली. पुन्हा मोहीम का जात नाही, असं काहींनी विचारलं, काहींनी आपलं नावही घालायला सांगितलं. तेव्हा पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट लिहिलं की प्लुटोनिया अस्तित्वात नाही, ती मी रचली आहे, आणि कशासाठी रचली तेही सांगितलं. खरं काय आणि रचलेलं काय, याची शिवण त्यांनी वाचकाला उलटून दाखवली. आज मुलांच्या डोळ्यांपुढून जे जातं त्यात ही शिवण कुणी दाखवत नाही.

दुसरी कादंबरी ‘सान्निकोवची भूमी’, १९२६ मधली. याकोव सान्निकोव या शिकाऱ्याला १८११ च्या सुमारास उत्तर ध्रुवसागरातल्या कोतेल्नी बेटावरून दूर उत्तरेला डोंगर दिसले होते. ध्रुवप्रदेशाचे संशोधक बॅरन एदुआर्द तोल यांनाही १८८६ मध्ये तेच दिसले. तोल पुढे त्या भूमीच्या शोधात गेले आणि १९०२ मध्ये तीन सोबत्यांसह बर्फात कायमचे नाहीसे झाले. शिवाय पक्षी वसंतात त्याच दिशेने उत्तरेला उडत जाताना दिसत. जमीन नसेल तर ते जातात कुठे? ओब्रुचेव यांनी या धाग्यांवर कथा विणली. बर्फाच्या मधोमध ज्वालामुखीचं विझत आलेलं विवर, आत ऊब, तळी, मॅमथ आणि जगापासून तुटलेली माणसं. तिथे जाणारे नायक राजकीय कैदी, सायबेरियात हद्दपार झालेले. ओब्रुचेव यांच्या सख्ख्या काकांनी तशी शिक्षा भोगली होती, त्यामुळे ही पात्रं पहिल्या कादंबरीपेक्षा जिवंत झाली आहेत. त्यातल्या आदिम टोळीचं वर्णन मात्र मला खटकतं.

ती भूमी कधीच सापडली नाही. १९३० च्या दशकात जहाजांनी आणि विमानांनी तो समुद्र पालथा घातला, तिथे फक्त पाणी आणि बर्फ होता. त्या भागातली काही बेटं जुन्या गोठलेल्या बर्फाची आणि त्यावरच्या मातीच्या थराची असतात, ती वितळून समुद्रात विरून जातात. सान्निकोव यांनी पाहिलेली जमीन तशीच विरली असेल, असं अनेक अभ्यासक मानतात. १९३९ मध्ये कायम गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करणारी संस्था सोव्हिएत विज्ञान अकादमीने उभी केली, तिचे संचालक होते ओब्रुचेव.

बाकीचं थोडक्यात. १९२९ मध्ये ते अकादमीचे सदस्य झाले. सायबेरियाच्या भूविज्ञानावर तीन खंड, तिथल्या शोधांच्या इतिहासावर आणखी खंड, मुलांसाठी सोपी पुस्तकं, १९२८ मध्ये वाळवंटातल्या सोनं शोधणाऱ्यांची कादंबरी, आणि १९५१ मध्ये, सत्त्याऐंशी ओलांडल्यावर, मध्य आशियातल्या खजिना शोधणाऱ्याची. मुलगा सेर्गेई भूवैज्ञानिक झाला आणि १९२६ मध्ये त्याने ईशान्य सायबेरियातली चेर्स्की पर्वतरांग नकाशावर आणली. ओब्रुचेव १९५६ मध्ये गेले, ब्याण्णव वर्षांचे होऊन.

संपादकहो, असे हिंडलेले लोक आपल्यातही आहेत. निवृत्त झाले आहेत, वह्या माळ्यावर आहेत. त्यांना वाटतं की आपल्याकडे आहे ती माहिती, कथा म्हणजे काहीतरी निराळं. तुमच्या एका पत्राने हा समज जाईल. पत्रात विषय देऊ नका. तुम्हाला कामावर असताना न सुटलेली एखादी गोष्ट कोणती, एवढंच विचारा. वहीतलं ते पान मागवा. त्यांना पात्रं रंगवता येणार नाहीत, संवाद कोरडे होतील. ते दुरुस्त करायला तुमच्याकडे अनुभवी माणसं आहेत, एखाद्या कथालेखकाला सोबत बसवा, दोघांची नावं छापा. कथा पहिल्या खेपेला जमली नाही तर पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा, परत पाठवू नका.

आणि कथेच्या शेवटी अर्धं पान लेखकाला द्या. यातलं मी डोळ्यांनी काय पाहिलं, कशावरून अनुमान केलं आणि काय निव्वळ रचलं, हे त्याने तिथे लिहावं. जाहिराती बसवताना ते अर्धं पान कापू नका, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूवैज्ञानिक